जपानला जाताना कॅमेऱ्याच्या कोणत्या लेन्स न्याव्यात?

मे २०२४ मध्ये जपानमधल्या फुजिकावागुचिको या गावाने रस्त्याच्या कडेला सुमारे २० मीटर लांब आणि अडीच मीटर उंच काळा पडदा उभारला, आणि त्याची बातमी जगभर गेली. चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका साध्या दुकानाच्या छपरावर फुजी पर्वत आणून ठेवल्यासारखा दिसतो, ते दृश्य टिपण्यासाठी पर्यटक रस्त्यात उभे राहत, कुठेही गाड्या लावत, कचरा टाकत, आणि गावकरी त्याला कंटाळले होते. वादळाच्या शक्यतेमुळे तो पडदा ऑगस्टमध्ये काढण्यात आला. पण तेच छायाचित्र पाहून जपानचे तिकीट काढलेल्या अनेकांना एक प्रश्न पडतो, की यासाठी नेमकी कोणती लेन्स लागते? आणि तिच्याबरोबर आणखी कोणत्या लेन्स बॅगेत टाकाव्यात?

दुकानदार या प्रश्नाचे उत्तर लेन्सच्या किमतीवरून देतात आणि मित्र स्वतःच्या कपाटावरून. प्रत्यक्षात थोडे गणित आणि आपल्या दिवसाचा थोडा अंदाज यांतून ते काढता येते. फक्त त्यासाठी दोन-तीन पारिभाषिक शब्द नीट समजून घ्यावे लागतात.

फोकल लेंग्थ म्हणजे किती दिसणार याचे माप

लेन्सवर २४, ५० किंवा ७०–२०० असे जे मिलिमीटरमधले आकडे असतात, ती तिची फोकल लेंग्थ. घराच्या खिडकीला नाक लावून उभे राहिले तर बाहेरचा रस्ता, झाडे, दोन्ही बाजूंच्या इमारती असे सगळे दिसते. तिथून मागे सरकत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले तर त्याच चौकटीत समोरच्या घराची एखादी गॅलरी तेवढी उरते. कॅमेऱ्यात खिडकीच्या चौकटीची जागा प्रकाश टिपणारा सेन्सर घेतो, आणि फोकल लेंग्थ म्हणजे त्या चौकटीपासूनचे आपले अंतर. म्हणून आकडा लहान असेल तर दृश्य रुंद दिसते, आणि आकडा वाढेल तसे ते अरुंद होत जाते. २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंश पाहते, ५० ची ४० अंश, आणि २०० ची जेमतेम १० अंश.

येथे एक पोटनियम आहे. हे अंश ३६ × २४ मिलिमीटर आकाराच्या सेन्सरसाठी आहेत, ज्याला फुल फ्रेम म्हणतात. हौशी छायाचित्रकारांकडे बहुधा त्याहून लहान, साधारण २४ × १६ मिलिमीटरचा सेन्सर असलेला कॅमेरा असतो; त्याला एपीएस-सी म्हणतात. चौकटच लहान असल्यामुळे त्यात त्याच लेन्सने कमी दिसते, आणि म्हणून लेन्सवरच्या आकड्याला १.५ ने (कॅननच्या बाबतीत १.६ ने) गुणावे लागते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८–५५ ची लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने २७–८२ ठरते ती अशी. वेगळे सांगितले नसेल तेथे या लेखातले आकडे फुल फ्रेमच्या हिशेबाचे आहेत.

दुकानाच्या छपरावर पर्वत कसा बसतो

लांबची लेन्स पर्वत "जवळ ओढते" असा समज सर्वत्र आहे. तो पूर्ण खरा नाही, आणि तो दूर झाला की लेन्स निवडण्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

समजा, दुकानाचे छप्पर आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा अडीच मीटर वर आहे आणि आपण दुकानापासून १५ मीटरवर उभे आहोत. मग छपराची कड पाहण्यासाठी नजर सुमारे साडेनऊ अंश वर न्यावी लागेल. फुजीचा माथा तेथून सुमारे १६ किलोमीटर दूर आणि गावापेक्षा साधारण २९०० मीटर उंच आहे. तो पाहण्यासाठी नजर दहा अंशांच्या किंचित वर न्यावी लागते. म्हणजे १५ मीटरवरून छपराच्या वर फक्त शिखराचे टोक डोकावेल. आता १५ मीटर मागे जाऊ. छपराची कड एकदम पाच अंशांच्या खाली येते, पण फुजी जिथल्या तिथे राहतो, कारण सोळा किलोमीटरच्या हिशेबात पंधरा मीटर म्हणजे काहीच नाही. पर्वताचा निम्म्याहून अधिक भाग आता छपराच्या वर आहे.

पर्वत मोठा झाला तो आपल्या मागे सरण्याने. लेन्सने त्यात काहीही केलेले नाही. लेन्सचे काम त्यानंतर सुरू होते. मागे गेल्यावर दुकानही लहान दिसू लागते आणि आजूबाजूच्या तारा, खांब, गाड्या चौकटीत शिरतात; त्या बाहेर ठेवण्यासाठी ३५ ऐवजी ७० वापरावी लागते. तात्पर्य असे, की जवळच्या वस्तूच्या मानाने दूरची वस्तू किती मोठी दिसेल हे आपण कुठे उभे आहोत त्यावरून ठरते, आणि तेथून किती भाग कापून घ्यायचा हे फोकल लेंग्थवरून. मागे सरकायला जागा असलेल्या ठिकाणी झूम उपयोगी पडते. गल्लीत किंवा गर्दीत पाठ भिंतीला टेकलेली असेल, तर २०० ची लेन्स हातात असूनही काही करता येत नाही.

आता हेच आकडे ठिकाणांवर घालून पाहू

कावागुची तलावाच्या उत्तर काठावरून फुजीचा माथा सुमारे १८ किलोमीटर दूर आहे. २४ मिलिमीटरने आडवे छायाचित्र घेतले तर पर्वताची उंची चौकटीच्या उंचीच्या एक षष्ठांश भरते. पाणी, आकाश आणि मधोमध एक छोटासा त्रिकोण. ७० ला तो जवळपास निम्मी चौकट भरतो, आणि १०० ला दोन तृतीयांश. म्हणजे तेथे भव्य फुजी हवा असेल तर ७० ते १०० पुरते. २०० लावली तर पूर्ण पर्वत मावणारच नाही, फक्त बर्फाळ माथा मिळेल. तोही सुंदरच दिसतो, पण त्यासाठी आकाश निरभ्र हवे, आणि फुजीच्या बाबतीत उन्हाळ्यातल्या दुपारी ते गृहीत धरता येत नाही. हिवाळा आणि पहाट या दोन गोष्टी तेथे कोणत्याही लेन्सपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

नारा येथील तोदाईजी मंदिरातली बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. तिच्यापासून वीसएक मीटरवर उभे राहिल्यास २४ मिलिमीटरच्या आडव्या चौकटीत ती तीन-चतुर्थांश उंची व्यापते, म्हणजे भोवतीचा लाकडी सभामंडपही थोडा येतो. ५० ला मात्र कॅमेरा उभा धरूनही ती पूर्ण मावत नाही. मंदिराची इमारत बाहेरून ५७ मीटर रुंद आहे, आणि २४ मिलिमीटरमध्ये ती बसवण्यासाठी ३८ मीटर मागे यावे लागते. प्रांगणात तेवढी जागा सहज मिळते. हे गणित मुद्दाम दिले, कारण "देवळे मोठी आहेत, म्हणून १४ किंवा १६ ची अतिरुंद लेन्स हवीच" असा सल्ला हमखास मिळतो. जपानी मंदिरे बहुधा मोकळ्या आवारात उभी आहेत. युरोपातल्या अरुंद रस्त्यांवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या चर्चसाठी तो सल्ला बरोबर असेल, क्योतोसाठी फारसा नाही.

त्याच नारामधल्या उद्यानात हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात. वन्यप्राणी म्हटले की लांब लेन्स हे समीकरण येथे उलटे होते: हरणे खाण्याच्या आशेने इतकी जवळ येतात की ३५ सुद्धा कधी कधी जास्त वाटते.

क्योतोच्या फुशिमी इनारी या देवस्थानातील केशरी तोरणांच्या, म्हणजे खांबांवर उभ्या कमानींच्या, रांगेत दुकान आणि पर्वताचाच नियम पुन्हा दिसतो. २४ ने जवळच्या तोरणापाशी उभे राहून छायाचित्र काढले तर ते एकच तोरण प्रचंड दिसते आणि बाकीची झपाट्याने लहान होत जातात. खोल बोगद्यात शिरल्याचा भास होतो. वाटेच्या वळणावर मागे येऊन ८५ किंवा १०० ने पाहिले तर तोरणे एकमेकांना चिकटून उभी असल्यासारखी दिसतात, आणि खांबांवरची अक्षरेसुद्धा नक्षीचा भाग होतात. माझे मत विचाराल तर दुसरे छायाचित्र अधिक चांगले असते, आणि पहिले सगळ्यांकडे असते. हे स्थान चोवीस तास खुले असल्यामुळे पहाटे जाणाऱ्याला मागे सरकायची मुभा मिळते. सकाळी दहानंतर मागे सरकलात की कोणाच्या तरी पायावर पाय पडतो.

अंधार पडल्यावर दुसरा आकडा बोलू लागतो

लेन्सवर आणखी एक आकडा असतो: एफ १.८, एफ ४, एफ ५.६ असा. लेन्समधून प्रकाश आत येण्याचे जे छिद्र असते त्याला अॅपर्चर म्हणतात, आणि फोकल लेंग्थला त्या छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. ५० मिलिमीटर एफ १.८ या लेन्सचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे असते, तर २०० मिलिमीटरला एफ २.८ हवे असेल तर ते ७१ मिलिमीटरचे करावे लागते. एवढ्या व्यासाच्या काचा बसवायच्या म्हटल्यावर लेन्स जड होणारच. सोनीच्या ७०–२०० एफ २.८ या लेन्सची सुधारित, हलकी केलेली आवृत्तीही १०४५ ग्रॅम भरते. उलट कॅननची ५० एफ १.८ फक्त १६० ग्रॅमची आहे.

प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत येतो, त्यामुळे एफ १.८ ला एफ ४ च्या जवळपास पाचपट आणि एफ ५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश मिळतो. याचा अर्थ शिंजुकूमधल्या ओमोइदे योकोचो या चिंचोळ्या खाद्यगल्लीत कळतो. कंदिलांचा उजेड, निखाऱ्यांचा धूर आणि सतत हलणारी माणसे. चालणारा माणूस स्पष्ट यायचा तर सेकंदाचा १२५ वा भाग एवढाच वेळ प्रकाश आत घेता येतो. एफ ४ च्या झूमने त्यासाठी सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ६४०० पर्यंत वाढवावी लागत असेल, तर एफ १.८ ला तेच काम १२५० च्या आसपास होते, आणि छायाचित्रातली दाणेदार खरखर पुष्कळ कमी होते.

"माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे," हा यावरचा नेहमीचा आक्षेप. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप थोपवते, समोरच्या माणसाचे हलणे नाही. निर्जन गल्लीसाठी ते उत्तम, खाद्यगल्लीसाठी अपुरे. दुसरा उपाय ट्रायपॉडचा. पण क्योतोतल्या कियोमिझुदेरासह अनेक मंदिरांत ट्रायपॉडला मनाई आहे, आणि सान्जुसान्गेनदोसारख्या ठिकाणी तर मंदिराच्या आत छायाचित्रणच चालत नाही. ट्रायपॉड घरी ठेवा.

मग बॅगेत काय असावे

वरच्या सगळ्या उदाहरणांतून २४ ते १०० हा पट्टा आणि रात्रीसाठी एक मोठ्या छिद्राची लेन्स एवढी गरज समोर येते. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर २४–१०५ एफ ४ किंवा निकॉनची २४–१२० एफ ४ यांसारखी एक झूम, आणि जोडीला ३५, ४० किंवा ५० पैकी एक छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. निकॉनची ही झूम ६३० ग्रॅमची आणि ४० एफ २ ही प्राइम १७० ग्रॅमची आहे. दोन्ही मिळून त्या एकट्या ७०–२०० पेक्षा हलक्या. कॅमेरा एपीएस-सी असेल तर घरातली १८–५५ आणि ३५ एफ १.८ एवढ्यावर ही सहल उत्तम होते. १८–५५ ची लांब बाजू ८२ ला संपते, त्यामुळे फुजीसाठी ती किंचित तोकडी पडेल, पण फार नाही. नवी लेन्स घ्यायचीच असेल तर माझ्या मते पहिला पैसा त्या छोट्या प्राइमवर खर्च करावा. जपानची शहरे अंधारानंतर जितकी देखणी होतात तितकी ती दुपारी नसतात, आणि कॅमेऱ्याबरोबर मिळालेली लेन्स तेव्हाच हात टेकते.

तिसऱ्या लेन्ससाठी माझी एकच अट आहे: तिने काढायचे छायाचित्र निघण्याआधी नाव घेऊन सांगता आले पाहिजे. "असू दे, लागली तर" हे नाव नव्हे. हिवाळ्यात होक्काइदोमध्ये कुशिरो परिसरातल्या बर्फावर नाचणारे लाल माथ्याचे क्रौंच पाहायला जाणार असाल, तर ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स अवश्य न्या. तेथे पक्षी दूर असतात आणि आपल्याला जवळ जाता येत नाही. नागानोजवळच्या जिगोकुदानीतली गरम पाण्यात बसणारी माकडे मात्र नाराच्या हरणांइतकीच जवळ असतात.

स्वतःची सवय ओळखण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. मागच्या सहलीतली आवडलेली छायाचित्रे संगणकावर उघडून प्रत्येकाची फोकल लेंग्थ पाहावी. ती छायाचित्राच्या माहितीतच नोंदलेली असते. बहुतेकांना आपली चांगली छायाचित्रे दोन-तीन आकड्यांभोवती गोळा झालेली आढळतात. त्यानंतर ठरवलेल्या दोन लेन्स घेऊन एक सकाळ दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या मंडईत घालवावी. उजेड कमी, गर्दी भरपूर, मागे सरकायला जागा नाही: शिंजुकूची यापेक्षा चांगली तालीम मिळणार नाही.

"मोबाइल असताना एवढे सगळे कशाला?"

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. आजच्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या हिशेबाचा असतो, आणि अतिरुंद कॅमेरा १३ च्या आसपास. भरदिवसा, स्थिर दृश्यासाठी तो कॅमेरा पुरेसा चांगला असतो. म्हणजे रुंद बाजू खिशातच आहे, आणि १४–२४ ची जड लेन्स नेण्याचे कारण उरत नाही. मोबाइल कमी पडतो तो हलणाऱ्या माणसांच्या अंधुक दृश्यात आणि दूरच्या गोष्टींत, आणि नेमकी तीच कामे वरच्या दोन लेन्स करतात.

"एकच २४–२०० घेतली तर?"

बरीच चांगली कल्पना आहे, विशेषतः गटसहलीने जाणाऱ्यांसाठी. सहलीचा मार्गदर्शक झेंडा घेऊन पुढे निघालेला असतो, घरची मंडळी "झाले का?" म्हणत थांबलेली असतात, आणि अशा वेळी पावसाच्या भुरभुरीत लेन्स बदलणे हा त्रासाचाच प्रकार आहे. टॅमरॉनची २८–२०० किंवा निकॉनची २४–२०० या दोन्ही पावणेसहाशे ग्रॅमच्या आतबाहेर आहेत. किंमत मोजावी लागते ती उजेडात: लांब बाजूला छिद्र एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंत आकसते. म्हणून अशी लेन्स घेतली तरी ती छोटी प्राइम सोडू नये. दिवसा एक, संध्याकाळच्या जेवणानंतर दुसरी, आणि बदल हॉटेलच्या खोलीत.

याच्या उलट, लांब बाजू नसेल तर नंतर छायाचित्र कापून घेता येते, हेही लक्षात ठेवावे. २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून ७० चे १४० केले तर ६ मेगापिक्सेल उरतात, आणि ए-४ आकाराच्या छपाईला ते पुरतात. ७० चे २०० करायला गेलात तर तीनही उरत नाहीत.

"आयुष्यात एकदाच जातोय, मोठी लेन्स नेली तर बिघडले कुठे?"

बिघडते ते तिसऱ्या दिवशी. जपानची सहल म्हणजे चालणे आणि जिने; फुजीचे प्रसिद्ध दृश्य दिसते त्या चुरेइतो पॅगोडापर्यंत जायलाच ३९८ पायऱ्या आहेत. एका किलोची लेन्स पहिले दोन दिवस खांद्यावर आणि नंतर हॉटेलच्या कपाटात राहते.

शिवाय लांब लेन्स नेण्यामागे काही जणांचा एक मनसुबा असतो, तो म्हणजे क्योतोच्या गिओन भागात पारंपरिक पोशाखातल्या गेइशा आणि माइको (शिकाऊ गेइशा) यांना लांबून टिपण्याचा. तेथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला मनाई केली, दहा हजार येन दंडाचे फलक लावले, आणि २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच बंद केला. कामाला निघालेल्या बाईचा पाठलाग ७० मीटरवरून केला म्हणून तो पाठलाग नसतो असे नाही.

विमानतळावर

लेन्स आणि कॅमेरा हाताच्या बॅगेतच ठेवावेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इन सामानात चालतच नाहीत. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून किंवा स्वतंत्र पिशवीत घालून त्या हातातल्या सामानात न्याव्या लागतात. इकॉनॉमी वर्गात बहुधा हातातल्या सामानाची मर्यादा सात किलो असते, आणि त्यात बॅगेचे स्वतःचे वजनही धरले जाते, म्हणून सगळे भरून घरच्या काट्यावर एकदा तोलून पाहावे.

महागडी सामग्री असेल तर जाताना भारतीय सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यात कॅमेरा आणि लेन्स यांचे अनुक्रमांक नोंदवले जातात, त्यामुळे परतताना ही वस्तू परदेशात विकत घेतली आहे का, हा प्रश्न उद्भवत नाही. त्यासाठी विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे, खरेदीच्या पावत्या बरोबर असाव्यात, आणि टोक्योच्या दुकानांतून तिसरी लेन्स घेऊन यायचा विचार असेल तर तिची पावतीही वेगळी जपून ठेवावी, कारण त्या लेन्सला हे प्रमाणपत्र लागू होत नाही.